जत्रा भरते आणि उठते : दुधनी परिसरातील रहाटपाळणा आणि त्याची नावे

१

मनोरंजनाच्या साधनांचा इतिहास हा आपल्याकडे फारसा गंभीर अभ्यासाचा विषय झालेला नाही. देवस्थाने, घराणी, किल्ले आणि सनदा यांच्या नोंदी अभ्यासकांनी परिश्रमपूर्वक गोळा केल्या. परंतु त्याच देवस्थानांच्या जत्रांत वर्षानुवर्षे उभा राहिलेला आणि लक्षावधी मुलांनी भीतीने व आनंदाने ज्यात पहिली फेरी घेतली तो रहाटपाळणा मात्र इतिहासाच्या पानावर क्वचितच आला. आज त्याविषयी हळहळ व्यक्त होते. पूर्वीचे लाकडी पाळणे, टांगलेल्या घोड्यांची चक्री, हाताने फिरविलेली खेळणी यांची आठवण वयोवृद्ध माणसे काढतात. तथापि या आठवणीचे नेमके स्वरूप काय, हरवले म्हणून जे सांगितले जाते ते नेमके काय हरवले, आणि त्याचा पुरावा कोठे शोधावयाचा, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात सोलापूर जिल्ह्यातील दुधनी हे सीमेवरील गाव केंद्रस्थानी धरून या प्रश्नांचा विचार केला आहे.

पाश्चात्त्य देशांत या विषयावर विपुल लेखन झाले आहे. तेथे ते होऊ शकले याचे एक कारण असे, की तेथील करमणुकीची उद्याने ही स्थावर होती. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील स्टीपलचेस पार्क १८९७ मध्ये उघडले आणि १९६४ मध्ये बंद झाले. लूना पार्क १९०३ मध्ये उघडले आणि १९४४ च्या आगीनंतर इतिहासजमा झाले. ड्रीमलँड १९०४ मध्ये उभे राहिले व १९११ मध्ये जळाले. या प्रत्येक उद्यानाला जन्मतिथी आहे आणि मृत्युतिथीही आहे. आपल्या देशातही अशी उदाहरणे आहेत. दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झाले व २००८ मध्ये बंद झाले. मुंबईजवळ गोराई येथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या एस्सेल वर्ल्डचे दरवाजे २०२२ मध्ये बंद झाले. पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ पासून धावू लागलेली फुलराणी ही छोटी आगगाडी कित्येक पिढ्यांच्या स्मरणात आहे. त्याच उद्यानातील प्राणी पुढे कात्रजला हलविण्यात आले. जे एका जागी होते आणि एका दिवशी बंद झाले, त्याच्या आठवणीला टेकण्यासाठी एक खुंटी मिळते.

दुधनीच्या परिसरातील माणसाला अशी खुंटी नाही. त्याच्या बालपणीचे उद्यान एका जागी नव्हतेच. ते एका तिथीला येत असे आणि दुसऱ्या तिथीला निघून जात असे. त्याचा इतिहास लिहावयाचा तर प्रथम हा भेद लक्षात घेतला पाहिजे.

२

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. सोलापूर आणि कलबुर्गी या दोन शहरांना जोडणाऱ्या लोहमार्गाच्या साधारण मध्यावर त्याचे स्थानक आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० मध्ये सोलापुरास पोहोचला आणि १८७१ मध्ये तो रायचूर येथे मद्रास रेल्वेला मिळाला. या घटनेचा परिणाम म्हणून या टापूतील लहानमोठी गावे जत्रांच्या एका मोठ्या वर्तुळात ओवली गेली. पौष महिन्यातील मकर संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा. होळीनंतर कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांचा रथोत्सव. चैत्रात अक्कलकोटच्या स्वामी समर्थांची पुण्यतिथी. आणि त्याच मार्गावर दुधनीच्या पुढे गाणगापूर रोड स्थानकावरून जावयाचे दत्तक्षेत्र. या चारही ठिकाणी जाण्याचा मार्ग दुधनीच्या फलाटावरून निघतो.

हे वर्तुळ राजकीय सीमांना जुमानणारे नव्हते. १९४८ पर्यंत अक्कलकोट हे भोसले घराण्याचे संस्थान होते, सोलापूर ब्रिटिश मुंबई इलाख्यात होते आणि गुलबर्गा निजामाच्या राज्यात होते. पौषात सोलापूरची यात्रा करून फाल्गुनात गुलबर्ग्यास जाणारा या भागातील शेतकरी एकाच हंगामात तीन राजवटींतून फिरत असे. एका जत्रेत कलदार रुपया चाले, तर दुसरीत निजामी राज्याचे हाली नाणे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर गुलबर्गा जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला आणि भाषेच्या नावाने नवी सीमा आखली गेली. तरीही जत्रेच्या वाटा बदलल्या नाहीत; कारण या टापूत घरात कानडी आणि शाळेत मराठी, बाजारात दोन्ही, असा व्यवहार पूर्वापार चालत आलेला आहे.

या वर्तुळातील सर्वांत मोठा मेळा सोलापूरचा. बाराव्या शतकातील शिवशरण आणि कानडी वचनकार सिद्धरामेश्वर यांच्या नावाने भरणाऱ्या या यात्रेला लोक ‘गड्डा’ म्हणतात. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा, होम, शोभेचे दारूकाम असा तिचा क्रम असून सात नंदीध्वजांची मिरवणूक हे तिचे वैशिष्ट्य आहे. विधींची नावेच या प्रदेशाच्या भाषिक घडणीची साक्ष देतात. तैलाभिषेकाला येथे ‘यण्णिमज्जन’ म्हणतात. त्यातील ‘यण्णि’ म्हणजे कानडीतील ‘एण्णे’, अर्थात तेल, आणि ‘मज्जन’ हा संस्कृतोद्भव शब्द. धार्मिक विधी काही दिवसांत आटोपतात. परंतु होम मैदानावरील पाळणे, दुकाने आणि खेळ त्यानंतरही कित्येक दिवस चालू राहतात. एकाच मैदानाला होमावरून नाव मिळावे आणि त्याच मैदानावर पाळणे फिरावेत, यात तेथील लोकांना कधी विसंगती वाटली नाही.

सोलापूर हे १८७७ पासून गिरण्यांचे शहर होऊ लागले. गिरणीत आणि मागावर काम करणाऱ्यांत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी कुटुंबे होती. रोजच्या जीवनात त्यांच्या वस्त्या वेगळ्या, देव वेगळे, सण वेगळे. गड्ड्यातील पाळण्याच्या खाटल्यात मात्र शेजारी कोण बसेल हे पैसे देणाऱ्यांच्या रांगेवर ठरे. या यंत्राचे सामाजिक महत्त्व त्यात आहे.

३

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. जुना लाकडी रहाटपाळणा रचनेने अगदी साधा होता. जमिनीत घट्ट रोवलेले दोन खांब, त्यांवर आडवा आस, आसाला फुलीसारख्या जोडलेल्या तुळया आणि तुळयांच्या टोकांना टांगलेली चार खाटली. खाटले आपल्या खिळीवर मोकळे झुलत असल्याने चाक कसेही फिरले तरी बसणारा सरळच राहतो. फिरविणारा खाली उभा राही आणि उतरत्या खाटल्याला हात घालून ते खाली ओढी व पुढे ढकली. समोरासमोरच्या खाटल्यांत सारखे वजन नसेल तर त्याचे श्रम दुप्पट होत. म्हणून बसविताना तो माणसांचा अंदाज घेई, लेकुरवाळीला एका बाजूस आणि धट्ट्याकट्ट्या गड्याला दुसऱ्या बाजूस बसवी. हे तराजूचे ज्ञान त्याला पुस्तकातून मिळालेले नव्हते.

लोखंडी सांगाडे आले तेव्हा चाकाची उंची वाढली, खाटल्यांची संख्या वाढली, आणि जमिनीवर उभ्या माणसाचा हात अपुरा पडू लागला. तेव्हा तरुण मुले चाकाच्या आऱ्यांवर चढू लागली. वर चढून चाकाच्या बाहेरच्या कडेला लोंबकळावयाचे, आपल्या देहाच्या भाराने ती बाजू खाली आणावयाची, आणि जमीन जवळ येताच उडी टाकून पुन्हा चढावयाचे, असा तो क्रम असे. म्हणजे या यंत्राचे इंजिन मनुष्यदेह हेच होते. पुढे डिझेलवर चालणारे इंजिन आले. त्याच्या पट्ट्याने किंवा चाकाच्या घेरावर गुंडाळलेल्या दोराने पाळणा फिरू लागला. त्यानंतर विजेची मोटर आणि तिच्यासाठी जनित्र आले. उजेडाचाही असाच प्रवास झाला : रॉकेलची गॅसबत्ती, मग साधे दिवे, मग रंगीत दिव्यांच्या माळा.

प्रत्येक टप्प्यावर एक गोष्ट वाढली आणि एक गोष्ट कमी झाली. उंची, वेग आणि बसणाऱ्यांची संख्या वाढली. फिरविणारा आणि बसणारा यांच्यातील अंतरही वाढले. हाताच्या पाळण्यात ‘थांबव’ म्हणून मूल ओरडले तर ते फिरविणाऱ्याला ऐकू येई. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू येणे शक्य नव्हते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उभे फिरणारे करमणुकीचे चाक हा अमेरिकन शोध असून तेथून ते आपल्याकडे आले, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. जॉर्ज फेरिस याने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात उभारलेले चाक २६४ फूट उंच होते, त्याला ३६ डबे होते, आणि एका वेळी २,१६० माणसे त्यात बसू शकत. १९०६ मध्ये ते सुरुंगाने पाडण्यात आले. परंतु फेरिसच्या आधी एकच वर्ष, म्हणजे १८९२ मध्ये, विल्यम सॉमर्स याने अमेरिकेतच लाकडी चाके उभारली होती. आणि त्याहीपूर्वी पावणेतीनशे वर्षे अशी चाके पूर्वेकडे फिरत होती. पुढे भारतात आलेला इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने १६१५ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे रमजानच्या उत्सवात अशा चाकात बसल्याचे लिहून ठेवले आहे. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने १६२० मध्ये आजच्या बल्गेरियातील प्लॉव्हडिव्ह येथे उत्सवातील झोक्यांचे निरनिराळे प्रकार पाहिले व त्यांत उभ्या चाकाचेही वर्णन केले. फेरिसने पोलाद, वाफ आणि प्रचंडता दिली. कल्पना मात्र उत्सवांच्या मैदानावर आधीपासूनच होती. तेव्हा जत्रेतील लाकडी पाळणा हा शिकागोच्या चाकाची गरीब नक्कल नव्हे. वंशावळ लावावयाचीच तर शिकागोचे चाक त्याच्या कुळातील धाकटे ठरेल.

४

लाकडाचे यंत्र कुजते, लोखंडाचे वितळवून दुसरीकडे वापरले जाते. फिरत्या व्यवसायाच्या वह्या टिकत नाहीत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरविषयक खंड १८८४ मध्ये निघाला. १९६१ च्या जनगणनेच्या निमित्ताने महाराष्ट्रातील जत्रा व उत्सव यांविषयीचा स्वतंत्र खंडही तयार झाला. अशा ग्रंथांचा भर देवता, तिथी, जमाव आणि व्यापार यांवर असणे स्वाभाविक आहे. पाळणा कशाचा होता, कोण फिरवीत असे, हे त्यांना महत्त्वाचे वाटण्याचे कारण नव्हते. अशा स्थितीत जो पुरावा सर्वांत अधिक टिकला तो भाषेचा होय.

‘रहाटपाळणा’ हा शब्दच पाहावा. ‘रहाट’ हा संस्कृत ‘अरघट्ट’ या शब्दाचा प्राकृतातून आलेला वंशज; विहिरीचे पाणी वर काढणारे चाक हा त्याचा अर्थ. रहाटाला बांधलेली गाडगी भरून वर येतात, रिकामी होऊन खाली जातात; त्यावरून ‘रहाटगाडगे’ हा शब्द मराठीत संसाराच्या अखंड फेऱ्यासाठी रूढ झाला. पाळण्याच्या खाटल्यांना गाडग्यांच्या जागी बसविण्याची कल्पना ज्याला प्रथम सुचली त्याचे नाव अज्ञात आहे; परंतु तो विहिरीवर राबणाऱ्या समाजातला होता, हे शब्दच सांगतो. स्पॅनिश भाषेत अशा चाकाला ‘नोरिया’ म्हणतात. तो शब्द अरबीतील ‘नाऊरा’ यापासून आला असून त्याचाही मूळ अर्थ पाणी उपसणारे चाक असाच आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन शेतकरी समाजांनी खेळाच्या चाकाला ओलिताच्या चाकाचेच नाव द्यावे, हा योगायोग मानण्यापेक्षा अनुभवसाम्याचा परिणाम मानणे अधिक सयुक्तिक होईल.

सोलापुरातील विणकर समाजाची तेलुगू भाषा मात्र निराळी वाट धरते. तेलुगूत या खेळण्याला ‘रंगुल राट्नम्’ म्हणतात, आणि ‘राट्नम्’ म्हणजे सूत कातण्याचा चरखा. तमिळमधील ‘राट्टिनम्’ हा शब्दही चरखा आणि जत्रेतील चाक अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. हिंदी-उर्दू बोलणारा ‘हिंडोला’ किंवा ‘झूला’ म्हणतो. त्याच्या शब्दात चाक नाही, झोका आहे. कानडीत ‘तोट्टिलु’ हा लहान मुलाचा पाळणा आणि उत्तर कर्नाटकात ‘जोकाली’ हा झोका. अशा रीतीने एकाच मैदानावरील एकाच यंत्राकडे पाहताना कोणी विहीर आठवीत होता, कोणी चरखा, तर कोणी घरातला झोका. यंत्र सामाईक होते. त्यात दिसणारे घर ज्याचे त्याचे होते.

मराठी शब्दाचा उत्तरार्ध ‘पाळणा’ हाही विचार करण्यासारखा आहे. तान्ह्या मुलाला ज्यात निजवावयाचे आणि ज्याच्या नावाने बारशाची गाणी गावयाची, त्याचेच नाव या भीतिदायक उंचीच्या साधनाला मिळाले. क्रियापदाने मात्र दोहोंत भेद राखला : घरातला पाळणा ‘हलवितात’, जत्रेतला ‘फिरवितात’. या नावात धीर देण्याचा हेतू दिसतो. आईच्या हातून सुटून उंच जाणाऱ्या मुलाला भाषा सांगते, की हाही पाळणाच आहे.

पुढील काळात ‘आकाशपाळणा’ आणि ‘जायंट व्हील’ हे शब्द पुढे आले. ‘रहाटपाळणा’ हा शब्द यंत्राच्या चलनाकडे बोट दाखवितो, ‘आकाशपाळणा’ त्याच्या उंचीकडे, आणि ‘जायंट व्हील’ केवळ आकाराकडे. तिसऱ्या शब्दात पाळणा उरलाच नाही. त्याच्या जोडीला ‘ब्रेक डान्स’, ‘टोरा टोरा’, ‘ड्रॅगन’ ही नावे आली. त्यांचा वापरणाऱ्यांच्या घराशी, विहिरीशी किंवा मागाशी काही संबंध नाही. यात भाषाशुद्धीचा प्रश्न नाही. लोक जे यंत्र जसे येते तसे त्याचे नाव घेतात. परंतु पूर्वीचे नाव हे यंत्र पाहणाऱ्यांनी दिलेले होते आणि नंतरचे नाव यंत्र विकणाऱ्यांनी दिलेले आहे, हा फरक नोंदविण्याजोगा आहे.

५

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल. या हळहळीचे स्वरूप काय? इंग्रजीतील ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझल येथे घडविला. परक्या मुलुखात गेलेल्यांना घराच्या ओढीने होणाऱ्या आजाराचे ते नाव होते. मराठीत त्यासाठी दोन प्रतिशब्द रूढ आहेत : ‘स्मरणरंजन’ आणि ‘गतकातरता’. एकात रंजन आहे, दुसऱ्यात कातरता. आठवण काढून सुखावणे आणि गेलेल्यासाठी व्याकूळ होणे या दोन वृत्ती एकाच शब्दात मिसळू न देण्याची सोय मराठीने करून ठेवली आहे, आणि अभ्यासकाने तिचा लाभ घ्यावयास हवा.

जुन्या पाळण्यांविषयी आज जे बोलले जाते ते बहुतांशी स्मरणरंजन आहे. त्यात गॅसबत्तीचा उजेड असतो, गुळाच्या रेवड्या असतात, वर गेल्यावर दिसलेले देवळाचे शिखर असते. आऱ्यांवर चढणारा मुलगा त्यात बहुधा नसतो. तो कोणत्या गावचा, त्याला काय मिळे, जत्रा उठल्यावर तो कोठे जाई, पडून जायबंदी झाला तर त्याचे पुढे काय होई, याची आठवण बसणाऱ्यांनी ठेवली नाही. कारण पाळण्यात बसलेल्याची दृष्टी दूरवर असते आणि फिरविणारा त्याच्या पायाखाली असतो. इंजिनाने हे जीवघेणे काम संपविले. त्याबद्दल खंत करणे योग्य होणार नाही. खंत करावयाची तर ती या माणसांची नोंद न झाल्याबद्दल करावी.

दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. मराठीत उद्यान ‘सुरू’ होते आणि ‘बंद’ पडते. जत्रा ‘भरते’ आणि ‘उठते’. पाळणे ‘लागतात’ आणि ‘हलतात’. भरणे आणि उठणे ही क्रियापदे पुनरावृत्तीची आहेत; जे उठले ते पुढल्या वर्षी पुन्हा भरणार, हे त्यांत गृहीत असते. परिणामी जत्रेतील वस्तूचा शेवट भाषेला दिसत नाही. लाकडी पाळणा एखाद्या वर्षी आला नाही तेव्हा कोणी ‘बंद झाला’ असे म्हटले नाही. ‘औंदा आला नाही’ असे म्हटले. पुढच्या वर्षी त्याच्या जागी दुसरा आला आणि तोही पाळणाच होता. कोनी आयलंडच्या रहिवाशाला आपले उद्यान कधी गेले ते वर्षासह सांगता येते. दुधनीच्या माणसाला आपला पाळणा गेल्याचे भान तो गेल्यानंतर कित्येक वर्षांनी येते. त्याच्या आठवणीत जी एक प्रकारची अनिश्चितता आढळते ती स्मृतीच्या दुर्बलतेमुळे नसून वस्तू ज्या रीतीने गेली त्या रीतीमुळे आहे.

या नियमाला एक अपवाद अलीकडे घडला. २०२१ मध्ये करोनाच्या साथीमुळे सिद्धेश्वर यात्रेचे विधी मोजक्या उपस्थितीत पार पडले आणि होम मैदानावर नेहमीचा गड्डा भरला नाही. देवाचा उत्सव झाला, पण जत्रा झाली नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या वर्षी प्रथमच ठळकपणे दिसले. रिकाम्या मैदानाने जे दाखविले ते भरलेल्या मैदानाने कधी दाखविले नव्हते : धार्मिक परंपरेचे जतन करणाऱ्या संस्था आहेत, मानकरी आहेत, क्रम ठरलेला आहे, करमणुकीच्या परंपरेला असा कोणी मानकरी नाही. ती फिरत्या व्यावसायिकांच्या कर्जावर, जागेच्या भाड्यावर आणि पावसापाण्यावर उभी असते.

६

सारांश, दुधनी परिसरातील जुन्या पाळण्यांचा इतिहास हा एखाद्या हरवलेल्या उद्यानाचा इतिहास नव्हे. तो एका फिरत्या यंत्राचा, ते फिरविणाऱ्या अनाम हातांचा आणि त्याला चार भाषांनी दिलेल्या नावांचा इतिहास आहे. त्याची साधने अद्याप संपूर्णपणे नष्ट झालेली नाहीत. जत्रांच्या जागाभाड्याचे लिलाव नगरपरिषदा व देवस्थान समित्या यांच्या दप्तरांत नोंदले जातात. १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क अधिनियमान्वये घेतल्या जाणाऱ्या करासंबंधीचे कागद, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर कालबाह्य झाले असले तरी, तपासून पाहण्यासारखे आहेत. जुन्या छायाचित्रांच्या कडेला कोठेतरी अर्धे चाक दिसते, तेही उपयोगाचे ठरेल.

तथापि सर्वांत निकडीचे काम शब्दसंग्रहाचे आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि सीमेपलीकडील आळंद व अफझलपूर या तालुक्यांतील वृद्ध कानडी-मराठी भाषकांकडून पाळण्याच्या प्रत्येक भागाचे नाव, तो उभारण्याच्या, फिरविण्याच्या व थांबविण्याच्या क्रियापदांसह टिपून घेतले पाहिजे. आसाला काय म्हणत, खिळीला काय म्हणत, वजन सारखे करण्याला काय म्हणत, आणि आऱ्यांवर चढणाऱ्या मुलाला काय म्हणून हाक मारीत, हे प्रश्न विचारण्यास विशेष साधनसामग्री लागत नाही. पदव्युत्तर वर्गातील दोनतीन विद्यार्थी एका हंगामात हे काम करू शकतील. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जर मिळाले, तर ज्यांच्या भाराने हे चाक इतकी वर्षे फिरले त्यांचे निदान व्यवसायनाम तरी इतिहासात येईल. ही नावे ज्यांच्या तोंडी आहेत त्यांचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे.